पेनड्राइव्हवरचं बिऱ्हाड

"फोटो मोठा करून घ्या, फ्रेम करा, संपलं," असं सावित्री पहिल्याच दिवशी म्हणाली होती. बायकांची ही एक वाईट खोड आहे. प्रश्न निघाला रे निघाला की त्या उत्तर देऊन मोकळ्या होतात. मग नवऱ्याने दिवसभर करायचं काय?

फोटो माझ्या सासूबाईंचा. आनंदीबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मालगुंडच्या घरात त्यांचा धड असा एकही फोटो नव्हता. घरात कॅमेरा निघाला की त्या हमखास चुलीपाशी असायच्या. एका ग्रुप फोटोत कडेला त्यांचा हात तेवढा आलाय, तोही पाण्याचा तांब्या पुढे करणारा. सासरे, म्हणजे अप्पा, दर श्राद्धाला तो ग्रुप फोटो पाटावर मांडत आणि हाराची गाठ नेमकी त्या हातावर येईल अशी बघत. 

आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, सावित्रीच्या देवरुखच्या गंगुबाईमावशींच्या ट्रंकेत आनंदीबाईंचा फोटो निघाला. लग्नाआधीचा. फणसाखाली उभ्या आणि चक्क हसतायत. मावशी फोटो हातातून सोडीनात, तेव्हा मी त्यांच्यादेखत तिथल्या एका स्टुडिओत तो स्कॅन करून घेतला. अप्पांना दसऱ्याला पंचाहत्तर पुरी होणार होती. त्यांचा जन्म विजयादशमीचा. इंग्रजी तारीख त्यांना ठाऊक नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही. त्या दिवशी मालगुंडला सगळे जमणार होते. तेव्हा अप्पांना तिच्या आईचा चेहरा पुन्हा बघायला मिळावा, एवढंच सावित्रीला हवं होतं. "आणि माझ्या माहेरी एकदा तरी तुमच्या हातून काहीतरी धड होऊ दे," असंही ती म्हणाली. या वाक्याला थोडा पूर्वेतिहास आहे. तो मी सांगणार नाही.

पण फ्रेम कोणीही देईल हो! मी विमा कचेरीत असलो तरी संगणकाचा सरकारी कोर्स पास झालेला माणूस. मी स्लाइड शो करायचं ठरवलं. अप्पांचं सगळं आयुष्य, प्रत्येक फोटोखाली माझी मराठी ओळ, मागे सनई आणि शेवटी सासूबाई. केला. घरच्या कॉम्प्युटरवर तो असा काही चालला की मला स्वतःलाच गहिवरून आलं. मग तो सी.डी.वर घालून कचेरीत लावून पाहिला. सनई मुकी. आणि माझ्या सगळ्या ओळींच्या जागी नुसते चौकोन. 'अप्पांचे बालपण' चौकोन, 'अप्पांचा विवाह' चौकोन. कोणीतरी अप्पांच्या आयुष्याला फरशी बसवून दिली होती.

मी पुण्याला मेहुण्याला फोन केला. गौरव तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि तो हे दर वाक्यात कळू देतो. "भाऊजी, तुमचे फाँट दुसऱ्याच्या मशीनवर नसणारच. अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच पेनड्राइव्हवर टाका ना. लिनक्स. मग कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, तो तुमच्याच पेनड्राइव्हवरून सुरू होईल. फाँट तुमचे, सनई तुमची. नाहीतर मी लॅपटॉप आणतोच आहे, त्याच्यावर..." मी फोन ठेवला. मेहुण्याच्या लॅपटॉपवर शो दाखवला की शो मेहुण्याचाच होतो, हे न कळण्याइतका मी नवखा जावई नाही.

पेनड्राइव्हवर अख्खं बिऱ्हाड! कल्पना मला एकदम पटली. दुसऱ्याच्या घरात जायचं, पण वळकटी आपली, तांब्या आपला. घरमालकाच्या कपाटाला हातसुद्धा लावायचा नाही. मालगुंडला अप्पांच्या माजघरात गौरवनेच टाकलेला एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर लावायचं ठरलं. पण आधी चार ठिकाणी चालवून बघणं आलं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. कॉम्प्युटर सुरू होताना आपल्या पोटातल्या हार्डडिस्ककडे धाव घेतो. आधी पेनड्राइव्हकडे बघ, हे त्याला सांगावं लागतं. ते सांगायला बायॉस नावाच्या एका निळ्या पडद्यात शिरायचं, आणि तिथे शिरायला सुरू होताक्षणी एक बटण दाबायचं. कुठलं बटण, ते प्रत्येक कंपनीने स्वतःच्या मर्जीने ठरवलेलं. कुठे डिलीट, कुठे एफ टू, कुठे एफ ट्वेल्व्ह. दाबायला वेळ म्हणाल तर एक शिंक येऊन जाईल इतका. चुकलात की बंद करा आणि पुन्हा सुरू करा.

पहिला मान शेजारच्या सखाराम तांब्यांना दिला. तांबे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले आणि आता घरी कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवून देतात. रत्नागिरीत नाचणे रोडवरच्या आमच्या सोसायटीतली निम्मी लग्नं त्यांच्या टेबलावर ठरली आहेत. उरलेली त्यांनी मोडली. त्यांच्या यंत्राची पेनड्राइव्हची भोकं नेमकी मागे, भिंतीच्या बाजूला. मी टेबलाखाली शिरलो. वरून तांबे मार्गदर्शन करत होते. "शेवडे, उलटा घालताय. आता सुलटा उलटा घालताय."

एकदाचं ते जमलं, मी बाहेर येऊन बटणंही दाबली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि माझं बिऱ्हाड दिमाखात उघडलं. मी विजयी मुद्रेने तांब्यांकडे पाहिलं. काशीवहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

"अहो, आपला गणपती कुठे गेला?"

"गणपती जाऊ दे," तांबे किंचाळले, "पत्रिका कुठायत?"

मी समजावून सांगितलं की तुमचं सगळं आत जिथल्या तिथे आहे, फक्त आत्ता दिसत नाहीये. पकडला गेलेल्या कुठल्याही चोराने हेच सांगितलं असतं. मी पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, गणपती आले, पत्रिका आल्या. काशीवहिनींनी पडद्याला हात जोडले. चहा मात्र परत आत गेला.

तिथेच संपायचं. पण 'आधी पेनड्राइव्हकडे बघ' असं मी त्या यंत्राला सांगून ठेवलेलं तसंच राहिलं. दोन दिवसांनी तांब्यांनी कुणाची तरी पत्रिका स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेतली आणि तो तसाच खोचून ठेवून झोपले. सकाळी यंत्राने त्यात डोकावून पाहिलं. आत ऑपरेटिंग सिस्टीम नाही, नुसता कडक मंगळ. यंत्राने इंग्रजीतून हात वर केले. तांबे पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात माझ्या दारात आले आणि जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेवडे, तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला काहीतरी पाजलंत!"

मी ते दुरुस्त करून दिलं, पण आता बोलण्यात अर्थ नव्हता. सोसायटीची सभा झाली. पाण्याच्या टाकीचा विषय तीन वर्षं पुढे ढकलला जातोय, पण हा ठराव एकमताने पास झाला: 'कोणत्याही सभासदाने दुसऱ्या सभासदाच्या संगणकात लेखी परवानगीवाचून काहीही घालू नये.' सूचक तांबे. अनुमोदन द्यायला इतके हात वर झाले की सेक्रेटरींना निवडच करता येईना. मी तटस्थ राहिलो.

मग उरला सायबर कॅफे. त्या दिवसांत कॅफेत ओळखपत्र दाखवून नाव लिहावं लागे. मी विमा कचेरीचं ओळखपत्र दाखवून ताठ मानेने आत गेलो आणि पेनड्राइव्ह लावला. इथे काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं जरा जास्तच वेळ सरकत राहिली. शेजारी बसलेला कॉलेजकुमार उठून मालकाच्या कानाला लागला. मालकाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्या टकलाकडे पाहिलं, आणि शटर अर्धं ओढून फोन लावला.

चौकीतले हवालदार सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभं राहून गुन्ह्याचा विचार करू लागले. "म्हणजे कॉम्प्युटर त्यांचा."

"हो."

"पण चालत होता तुमचा."

"तसंच म्हणायचं."

"आणि चोरलंत काही नाही."

"नाही हो! फक्त सासऱ्यांचं बालपण बघत होतो."

हवालदारांना कलम सापडेना. शेवटी ते म्हणाले की प्रत्यक्ष दाखवा. कोपऱ्यात प्लास्टिकचं आवरण घातलेला चौकीचा कॉम्प्युटर होता. त्याची हार्डडिस्क मेली होती, पण हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं; तो रुसलाय अशीच सगळ्यांची समजूत. मी पेनड्राइव्ह लावला, एफ टू दाबलं आणि पोटातली डिस्क मेलेली असूनही यंत्र सुरू झालं. पडद्यावर अप्पा मुंजीच्या लंगोटीत उभे, खाली स्वच्छ मराठी अक्षरं, मागे सनई. चौकीत आनंदीआनंद झाला. इतका, की हवालदार म्हणाले, "साहेब, हे तुमचं डबडं आता इथंच राहू दे. दोन वर्षांनी मशीन चालू झालंय."

ते परत मिळवायला सावित्रीला यावं लागलं. तिने फक्त "माझ्या आईचा फोटो आहे त्यात" एवढंच सांगितलं आणि हवालदारांनी पेनड्राइव्ह कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी दिला. मी आदल्या दिवशी अर्धा तास तांत्रिक बाजू समजावत बसलो होतो. आम्ही रिक्षा केली. साळवी स्टॉपपाशी आल्यावर सावित्री म्हणाली, "अजून फ्रेम होऊ शकते."

खंडेनवमीला आम्ही मालगुंडला पोचलो तेव्हा अप्पा ओटीवर पूजा मांडत होते. पाटावर कोयता, कुदळ, अडकित्ता, झाडावर चढायचा दोर. माजघरातला कॉम्प्युटर झेंडूच्या माळेत दिसेनासा झाला होता. गौरवचा लॅपटॉपही हळदीकुंकू लेऊन बसला होता. डॉक्टर असलेल्या माझ्या साडूंनी स्टेथोस्कोप ठेवला. मग अप्पांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुमचं हत्यार?"

विमा कचेरीतल्या माणसाचं हत्यार म्हणजे रबरी शिक्का, आणि तो रत्नागिरीला कपाटात. साडू हसले. गौरव तर आधीपासूनच हसत होता. माझ्या मस्तकात काय शिरलं देव जाणे. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि केळीच्या पानावर ठेवला. "यात अख्खा कॉम्प्युटर आहे, अप्पा."

अप्पा प्रसन्न झाले. त्यांनी त्याचं टोपण काढलं, गंध लावलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि फुलाने वर पाणी शिंपडलं. अप्पांची पूजा वरवरची नसते. सगळं आतपर्यंत पोचलं.

दसऱ्याला सकाळी औक्षण झालं. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी घसा साफ केला, शोची घोषणा केली आणि पाटाकडे हात नेला.

"हां!" अप्पा ओरडले. "पूजेला लावलेलं हत्यार सोनं लुटल्याशिवाय हलवायचं नाही."

सोनं लुटणार संध्याकाळी. आम्ही आणि सगळे पाहुणे दुपारच्या गाडीने परतणार. संध्याकाळी वीज असते की नसते ते तिकडे अंजनवेलला वीज करणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. कॉम्प्युटर पूजेत, लॅपटॉप पूजेत, पेनड्राइव्ह पूजेत. सगळी हत्यारं एकाच जागी आणि एकही हातात घ्यायची सोय नाही. कुठल्याही लढाईत याहून वाईट तयारी झाली नसेल. "भाऊजी, फ्रेम केली असती तर..." गौरव म्हणाला. म्हणजे हे त्यालाही कळवलेलं होतं.

मी सावित्रीकडे पाहिलं. तिने माझ्यावर चिडायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि ते बघून मला स्वतःला त्या कोयत्याने तोडावंसं वाटलं. ती पुढे झाली. "अप्पा," ती म्हणाली, "त्यात आई आहे. हसणारी आई. मला तुम्हांला दाखवायची होती."

 अप्पा पाटासमोर बसले. हात पुढे जाई आणि मागे येई. पंचाहत्तर वर्षं पाळलेला नियम आणि समोर हे कुंकवाने माखलेलं बोटभर यंत्र. गंगुबाईमावशी अप्पांना म्हणाल्या, "आत्मारामपंत, खरंच आहे, माझ्याच ट्रंकेत निघाला फोटो." तरी अप्पा हलेनात.

तेवढ्यात गडग्यापलीकडून मैमुनाखालाचा आवाज आला. मैमुनाखाला म्हणजे अप्पांची शेजारीण. तिचा मुलगा फारुक मस्कतला असतो. ती जांभ्या दगडांच्या गडग्यावर कोपरं टेकून सगळं ऐकत होती.

"काय झाला गो, सावित्रे? आनंदीचा फोटू हाय त्यात? मग हिकडं आन ना. माझ्या कंपूटरला कोन फुला वाहत नाय."

"पूजा मोडायची नाही, खाला," सावित्री म्हणाली.

अप्पांनी मान वर केली. गडग्याकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "संध्याकाळी हत्यार घेऊन काय करतो आपण? सीमोल्लंघन. हद्द ओलांडतो. तो गडगा ही आपली हद्द. हत्यार पूजेतून उचलून हद्दीपार नेलं, की शास्त्र पुरं झालं."

"पण ते संध्याकाळी..." साडूंनी तोंड उघडलं.

"माझ्या वाढदिवसाला मी सांगेन तेव्हा संध्याकाळ," अप्पा म्हणाले. गौरव तत्परतेने लॅपटॉप उचलायला धावला. "तो राहू दे. आज जावईबापूंचं हत्यार चालायचंय." मी हे वाक्य लिहून घेणार होतो, पण घरातलं एकुलतं पेनही पूजेत होतं.

मग आमची मिरवणूक निघाली. पुढे अप्पा, ओंजळीत पेनड्राइव्ह, त्यावर आपट्याचं पान. गडगा ओलांडताना साडूंचं धोतर अडकलं, पण आज कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

मैमुनाखालाच्या ओटीवर मस्कतहून आलेला मोठा रुंद पडदा होता आणि त्यावर फारुकचा हसरा फोटो. मी पेनड्राइव्ह पाहिला. आत कुंकवाचा चिखल आणि एक अक्षता घट्ट बसलेली. सावित्रीने पदराची पिन काढली, अक्षता उकरली, पेनड्राइव्ह पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. कीबोर्डवर अरबी अक्षरं. कुठलं बटण दाबायचं, काही कळेना. डिलीट दाबलं, चुकलं. एफ टू, चुकलं. एफ टेन, चुकलं. मी घामाघूम. शेवटी एफ ट्वेल्व्ह दाबलं आणि काळ्या पडद्यावर ओळखीची पांढरी अक्षरं वर सरकू लागली.

"या अल्ला, माझा फारुक खय गेला?" मैमुनाखालाने छातीवर हात ठेवला.

"आत आहे, खाला. आमचं झालं की येईल."

"आज त्याला सुट्टी हाय. दुपारी मस्कतवरना बोलनार हाय, दिसनार हाय तो मना ह्यात. लवकर आटपा."

सनई लागली. 'अप्पांचे बालपण' ही अक्षरं आली, आणि एकही चौकोन नव्हता. मी गौरवकडे पाहिलं, तो पडद्याकडे बघत होता. पण मग मीही पडद्याकडे पाहिलं. पडदा रुंद आणि माझ्या बिऱ्हाडाला त्या रुंदीची कल्पनाच नव्हती. त्याने सगळं आडवं ताणलं होतं. मुंजीतले अप्पा पैलवान, लग्नातले भटजी दोन भटजींएवढे. पाहुणे फुसफुसायला लागले. मैमुनाखाला मध्येच पडद्यामागे डोकावून फारुक तिथे आहे का बघून आली. माहेरी एकदा तरी काही धड होणार होतं, ते हे.

आणि शेवटचा फोटो आला. फणसाखाली आनंदीबाई. मुळात अगदी काडीसारख्या, पण इथे गुबगुबीत गाल, भरलेले दंड, आणि तोंडभर हसू. ओटीवरचं फुसफुसणं थांबलं. अप्पा पुढे सरकून पडद्यापाशी बसले. एकटक बघत राहिले. सनई संपली.

"भाऊजी, रिझोल्युशन चुकलंय," गौरव हळूच म्हणाला आणि त्याने माउसकडे हात नेला. "मिनिटात बारीक करतो तिला."

"हात लावू नकोस!" अप्पा म्हणाले.  "जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाल्लंन तिने. आज कुठे अंगाला लागलंय. राहू दे तशीच."

सावित्रीने माझा हात धरला, सगळ्या माहेरासमोर. मी मैमुनाखालाकडे पाहिलं. तिचं घड्याळाकडे लक्ष होतं. फारुकची वेळ झाली होती. तिने डोळे पुसले आणि खुर्ची ओढून अप्पांच्या शेजारी बसली.

"व्हय, राहू दे," ती म्हणाली. "फारुक थांबंल जरासा."